अंथरुणाकडून आरामखुर्चीकडे : हृद्रोगोपचाराच्या इतिहासातील एक वळण

हृद्रोग्यास श्रम वर्ज्य, हा निर्बंध अतिप्राचीन असावा असा समज आहे. वस्तुतः तो तसा नाही. विल्यम हेबर्डेन या आंग्ल वैद्याच्या मरणोत्तर, १८०२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हृच्छूलाचा एक रुग्ण आढळतो. तो रोज अर्धा तास करवतीने लाकूड कापी आणि त्यायोगे जवळजवळ बरा झाला.

निर्बंध कठोर झाला तो विसाव्या शतकात. १९१२ साली जेम्स हेरिक यांनी हृद्‌रोहिणीतील रक्तगुठळीचे वर्णन करून पूर्ण विश्रांतीचा आग्रह धरला. १९३९ साली मॅलरी, व्हाइट प्रभृतींनी शवविच्छेदनांवरून हृदयस्नायूची जखम भरण्यास कित्येक आठवडे लागतात, असे दाखविले. जखम भरण्याचा काळ तोच निजून राहण्याचा काळ, असे समीकरण मग रूढ झाले. पहिल्या विधानातून दुसरे निष्पन्न होत नाही, हे कोणी फारसे तपासले नाही.

बोस्टनच्या लेव्हाइन व लाउन यांनी १९५२ साली ८१ रुग्णांना आरामखुर्चीत बसविल्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांचा युक्तिवाद मात्र व्यायामाचा नव्हता. बसल्याने रक्त पायांत उतरते व हृदयावरील भार हलका होतो, म्हणजे खुर्ची हीच खरी विश्रांती, असे ते म्हणत. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे वैगुण्यही नोंदविले पाहिजे.

१९५३ साली मॉरिस यांनी लंडनच्या बसगाड्यांवरील चालकांपेक्षा जिने चढणाऱ्या वाहकांत हा रोग कमी असल्याचे दाखविले. पुढे १९५६ साली त्यांनीच सहकाऱ्यांसह गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालकांची कंबर मुळातच रुंद निघाली! कार्यकारणभाव इतका सरळ नव्हता. अंथरुणाचा दोष मात्र १९६८ साली डॅलस येथे उघड झाला : तीन आठवडे निजवून ठेवलेल्या पाच निरोगी तरुणांची कमाल प्राणवायुग्रहणक्षमता चतुर्थांशाहून अधिक घटली.

‘पुनर्वसन’ हा शब्द मराठीत निर्वासित व धरणग्रस्त यांच्यासाठी रुळला. हृद्रोग्यास तो लावणे प्रथम कानाला खटकते. पण कामावरून, घरातील स्थानावरून उठविलेला माणूस पुन्हा तेथे वसविणे, हा अर्थ अयोग्य नाही.

परिणामकारकतेचा वाद अद्याप मिटलेला नाही. १९८९ साली २२ चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणात एकूण मृत्यू सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळले. २०१२ साली इंग्लंड-वेल्समधील १८१३ रुग्णांच्या चाचणीत तसा फरक दिसला नाही. २०१६ च्या कॉक्रेन परीक्षणात (६३ चाचण्या) हृद्रोगजन्य मृत्यू व रुग्णालयातील पुनःप्रवेश घटलेले दिसतात, एकूण मृत्यूंत मात्र निश्चित घट नाही. दरम्यान औषधे व शस्त्रक्रिया इतक्या सुधारल्या की व्यायामाच्या वाट्याला येणारे श्रेय आकुंचित झाले असावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ज्या गटाशी तुलना करावयाची, तोच १९८९ नंतर पालटला.