मायस्थेनियावर रोबोच्या साह्याने शस्त्रक्रिया

सकाळी ठणठणीत असलेल्या माणसाच्या पापण्या संध्याकाळी मिटू लागतात, एकाच्या दोन वस्तू दिसतात, जेवताना जबडा थकतो. विकार बळावल्यास श्वास घेणेही अवघड होते. ही 'मायस्थेनिया ग्रॅव्हिस'ची लक्षणे. शरीराची संरक्षणव्यवस्था येथे स्वतःवरच उलटते. मज्जातंतूंचा संदेश स्नायूंमधील ज्या ग्राहकांकडे पोहोचतो, त्यांच्यावरच बहुसंख्य रुग्णांत प्रतिपिंडे हल्ला करतात.

या बिघाडात थायमस अर्थात यौवनलोपी ग्रंथीचा वाटा असतो. छातीच्या मधल्या हाडामागची ही ग्रंथी वयात आल्यानंतर आक्रसत जाते. मायस्थेनियाच्या अनेक रुग्णांत मात्र ती सक्रिय राहते, काहींत तिच्यात गाठही होते. अमेरिकी शल्यविशारद आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी १९३६ मध्ये अशी गाठ काढल्यावर रुग्ण तरुणीची प्रकृती सुधारली होती. गाठ नसलेल्यांनाही शस्त्रक्रियेचा लाभ होतो का, हा वाद पुढे कित्येक दशके चालला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १२६ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीने त्याचे उत्तर दिले. ग्रंथी काढलेल्यांची शक्ती तीन वर्षांत अधिक सुधारली आणि त्यांना स्टिरॉइडही कमी लागले.

त्या चाचणीत छातीचे हाड मधोमध कापले जात असे. रोबोच्या पद्धतीत बरगड्यांमधल्या लहान छिद्रांतून कॅमेरा व अवजारे आत जातात. रोबो स्वतः काहीच करीत नाही. काही अंतरावर बसलेला सर्जन त्रिमितीय चित्र पाहत त्याचे हात चालवितो. मनगटासारखी वळणारी ही अवजारे त्या अरुंद जागेत फार उपयोगी पडतात. ग्रंथीसोबत भोवतालची चरबीही काढावी लागते, कारण तिच्यात ग्रंथीचे अंश दडलेले असतात. श्वासपटल चालविणारा फ्रेनिक मज्जातंतू मात्र जपावा लागतो. आधीच श्वास दुबळा असलेल्या रुग्णात त्याला इजा होणे घातक ठरू शकते. वेदना व रुग्णालयातला मुक्काम कमी होतो, हा या पद्धतीचा खरा फायदा. खर्च अर्थातच जास्त.

ही तातडीची शस्त्रक्रिया नव्हे. आधी औषधांनी, गरज पडल्यास प्लाझ्मा बदलून किंवा इम्युनोग्लोब्युलिन देऊन प्रकृती स्थिर केली जाते. भूलतज्ज्ञालाही आजाराची कल्पना हवीच, कारण स्नायू शिथिल करणाऱ्या काही औषधांचा या रुग्णांवर तीव्र परिणाम होतो. 'मस्क' प्रतिपिंडे असलेल्यांना ग्रंथी काढण्याचा सहसा उपयोग होत नाही. इतरांतही सुधारणा दिसण्यास अनेक महिने, कधी वर्षेही लागतात. तोवर गोळ्या डॉक्टरांना न विचारता बंद करू नयेत.