पेल्यात लपवलेला घास

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात, मिशिगन सरोवराच्या काठी रेसीन नावाचं शहर आहे. जेवायला कां-कूं करणाऱ्या मुलाला काहीतरी पातळ करून पाजायचं, हा जगभरच्या आयांचा जुना खटाटोप. त्याला कारखान्याचं रूप आलं ते बरंचसं या एका शहरात. इंग्लंडहून आलेल्या विल्यम आणि जेम्स हॉर्लिक या भावांनी १८७३ मध्ये शिकागोत कंपनी काढली आणि थोड्याच वर्षांत बस्तान रेसीनला हलवलं. त्यांचा पहिला माल तान्ह्या मुलांसाठी आणि आजाऱ्यांसाठीच होता. १८८३ मध्ये त्यांनी ज्या पेयाचं पेटंट घेतलं, त्याची कृती साधी वाटते: मोड आणलेलं बार्ली, गव्हाचं पीठ आणि दूध एकत्र आटवायचं, सुकवायचं, भुकटी करायची. गरम पाण्यात ढवळलं की पेला तयार.

मोड आणण्याची ही युक्ती कोकणातल्या बायकांना कुणी पेटंट दाखवून शिकवली नव्हती. नाचणीचं सत्व करायचं तर नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड काढायचे, पाट्यावर वाटायची आणि पातळ कापडातून गाळायची. गाळलेलं पाणी तसंच ठेवलं की सत्व तळाशी बसतं. वरचं पाणी ओतून ते ताटात पसरून वाळवायचं आणि डब्यात भरायचं. मग रोज चमचाभर सत्व पाण्यात कालवून शिजवायचं. कधी दूध-गूळ, कधी ताक-मीठ. मूल दुधाला कंटाळलं की ताकाकडे वळायचं, एवढाच काय तो चवीतला बदल.

या खटपटीमागचं शास्त्र पुढे तपासलं गेलं. १९८० च्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोड आलेल्या धान्याच्या पिठावर काम केलं. धान्याला मोड येताना त्यात अमायलेज हे विकर वाढतं आणि ते पिष्टाचे लांब धागे तोडतं. त्यामुळे घट्ट शिजलेल्या लापशीत असं पीठ थोडंसं घातलं, तरी ती बघता बघता सैल होते. वर्षा-दोन वर्षांच्या मुलाचं पोट लहान असतं. लापशी पातळ करायला नुसतं पाणी वाढवलं तर पोट पाण्यानेच भरतं आणि पोषण मागे राहतं. मोडाच्या पिठाने लापशी पिण्याजोगी होते, पण तिचा कस कमी होत नाही. घट्ट लापशीला तोंड फिरवणाऱ्या मुलासाठी याहून चांगली सोय शोधणं अवघड आहे.

मात्र आजीच्या कृतीला सरसकट शंभर गुण देता येत नाहीत. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतो. तेवढ्याच गाईच्या दुधात साधारण १२०. (एक कोरडं धान्य, दुसरं पातळ दूध, तेव्हा ही तुलना जपूनच वाचावी.) पण नाचणीतला बराच कॅल्शियम दाण्याच्या सालीत असतो, आणि कापडातून गाळताना चोथ्याबरोबर तोही जातो. सत्व पचायला हलकं आणि गिळायला मऊ होतं ते याच गाळण्यामुळे. सवा-दीड वर्षाच्या, दात आलेल्या मुलाला नाचणीची भाकरी दुधात कुस्करून देणं म्हणूनच अधिक हिशेबी.

मुलांच्या खाण्याचा विचार आपल्याकडे त्याहूनही जुना आहे. काश्यप संहिता हा बालरोगांवरचा आयुर्वेदीय ग्रंथ नेपाळात सापडलेल्या हस्तलिखितावरून १९३८ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून प्रसिद्ध झाला. त्यात सहाव्या महिन्यात फळं द्यायला सांगितली आहेत. अन्न नंतर, दहाव्या महिन्याच्या सुमारास. म्हणजे धान्याच्या आधी फळ! मराठी घरांतल्या उष्टावणात मात्र मामाच्या हातून खिरीचा किंवा भाताचा घास आला आणि फळ मागे पडलं. ते परत आलं शिकरणीच्या वाटीतून. पिकलं केळं, दूध, चिमूटभर साखर, वाटलं तर वेलची. केळ्यासारखी काही फळं दुधाबरोबर खाणं चरकसंहितेने विरुद्धाहारात घातलं आहे, पण मराठी स्वयंपाकघराने त्या नियमाकडे खुशाल काणाडोळा केला. पाहुणा ऐनवेळी आला तरी शिकरण, मूल जेवत नसलं तरी शिकरण.

जुनं ते सगळं निर्मळ होतं असं समजायचं कारण नाही. मुरुडशेंग, हळकुंड, वेखंड, जायफळ सहाणेवर उगाळून बोंडल्याने पाजायची गुटी होती, तशीच अफू घातलेली बाळगोळीही होती. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगार स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा कामावर जाताना मूल झोपलेलं राहावं म्हणून त्याला अफू देण्याची चाल किती पसरली आहे हे उघड झालं. दहा-दहा तास साच्यावर उभ्या राहणाऱ्या बाईला चिऊचा घास आणि काऊचा घास करत बसायला वेळ कुठून मिळणार?

पुन्हा रेसीनकडे वळायला हवं, कारण पेल्याच्या गोष्टीतलं दुसरं यंत्रही तिथलंच. शहरातल्या सोडा फाउंटनवर हॉर्लिक्सचं माल्टेड मिल्क घुसळून विकलं जाई. स्टीफन पॉपलॉस्की नावाच्या पोलिश वंशाच्या कारागिराने १९२२ मध्ये भांड्याच्या तळाशी फिरणारं पातं बसवलं, ते हीच पेयं घुसळायला. वरून सोडायच्या रवीऐवजी खालून फिरणारं पातं, एवढाच फरक. पण आजच्या प्रत्येक मिक्सरच्या भांड्यात तोच आहे. पुढे फ्रेडरिक ओसियसने त्यात सुधारणा केली आणि फ्रेड वॉरिंग या वाद्यवृंद चालवणाऱ्या कलावंताने पैसा लावला. १९३७ मध्ये ते यंत्र शिकागोच्या उपाहारगृहांच्या प्रदर्शनात आलं आणि नंतर वॉरिंगच्याच नावाने खपू लागलं. जोनास साल्क यांनी पोलिओच्या लशीच्या संशोधनात हे यंत्र वापरलं, ही त्याची आणखी एक कामगिरी.

भारतीय घरात पातं फिरू लागलं ते वेगळ्याच गरजेतून. मुंबईत सीमेन्समध्ये नोकरीला असलेल्या सत्यप्रकाश माथुर यांच्या घरी ब्राउन कंपनीचा परदेशी मिक्सर होता. नारळ, भिजवलेली उडीद डाळ, सुक्या मिरच्या यांच्यापुढे त्याची मोटर जळली. दुरुस्ती होईना, तेव्हा पत्नी माधुरी यांनी नवऱ्यालाच दणकट मिक्सर बनवायला सांगितलं, अशी त्याची जन्मकथा सांगतात. १९६३ मध्ये ‘सुमीत’ बाजारात आला. तो घेतला जायचा चटणी-मसाल्यासाठी. पण मे महिन्यात त्याच भांड्यात हापूसचा गर आणि दूध पडलं आणि मुलांना मिल्कशेक मिळाला. भांड्याला कालच्या लसणीचा वास असला, तर तोही मिळाला.

इकडे डबेही आले होते. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांबरोबर हॉर्लिक्स भारतात पोचलं. १९६० च्या सुमारास पंजाबातल्या नाभा इथे ते बनू लागलं. इंग्लंडमध्ये १९३२ मध्ये निघालेलं बोर्नव्हिटा कॅडबरीबरोबर इथे आलं. गंमत पुरवण्याचं काम आता आईच्या आवाजाकडून जाहिरातीकडे गेलं. बोर्नव्हिटाने १९७२ मध्ये आकाशवाणीवर प्रश्नमंजूषा सुरू केली आणि पेला हुशारीशी जोडला गेला. कॉम्प्लानने तो उंचीशी जोडला. ज्या दुधाला मुलं नाकं मुरडत, ते चॉकलेटच्या चवीने घशाखाली उतरू लागलं. दूध गेलं पोटात हे खरंच. पण दुधाची चव मात्र ओळखीची झालीच नाही, आणि साखरेची झाली.

या जाहिरातींच्या कितीतरी आधी अमेरिकेत डॉ. क्लारा डेव्हिस यांनी अगदी उलट वाट धरून पाहिली. नुकतंच अंगावरचं दूध सुटलेली १५ मुलं त्यांनी काही महिन्यांपासून काही वर्षांपर्यंत आपल्या देखरेखीखाली ठेवली आणि ३४ साधे पदार्थ आळीपाळीने ताटात मांडले: दूध, अंडी, केळी, बीट, ओट्स, मांस, काळीज. परिचारिकेने चमचा घेऊन गप्प बसायचं. मुलाने बोट दाखवलं तरच भरवायचं, कौतुक नाही, आग्रह नाही. एकाने सकाळी संत्र्याचा रस आणि काळीज खाल्लं, दुसऱ्याने रात्री अंडी, केळी आणि दूध. मुडदूस झालेल्या एका बाळाने समोर ठेवलेलं कॉड माशाचं तेल बरं होईपर्यंत आपणहून घेतलं. सगळी मुलं धष्टपुष्ट झाली. १९३९ च्या लेखात डेव्हिसबाईंनी खुबी कुठे होती तेही सांगून टाकलं: पदार्थांच्या यादीत. त्या यादीत साखर नव्हतीच.

लीन बर्च या संशोधिकेने १९८० मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. न आवडणारी भाजी आवडीने खाणाऱ्या सवंगड्यांमध्ये मुलाला चार दिवस बसवलं, की तेही ती भाजी घेऊ लागतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत मुलांना अंगणात गोळा करून शिकवायला घेतलं, त्या अंगणवाडीत पंगतीला बसलेल्या पोरांकडे पाहिलं असतं, तर हे प्रयोगाशिवायही दिसलं असतं.

एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन दुकानांना बोर्नव्हिटासारखी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढायला सांगितलं, कारण २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात या नावाची व्याख्याच नाही. हॉर्लिक्सच्या कंपनीनेही त्याच महिन्यात आपलं सदर बदललं. स्मूदीलाही मोकळं रान नाही. ब्रिटनची आरोग्यसेवा फळांचा रस आणि स्मूदी मिळून दिवसाला १५० मिलिलिटरच्या वर जाऊ नका असं सांगते. पात्याखाली फळाच्या पेशी फुटून साखर मोकळी होते, हे त्यामागचं कारण. तेव्हा मिक्सर लावायचा तर छोटी वाटीभरच लावावा, साखर-मध टाळावा, आणि केळं सोलून कुस्करायचं काम दोन वर्षांच्या मुलाच्या हाती द्यावं. ओटा पुसावा लागेल, पण वाटी रिकामी होण्याची शक्यता वाढेल.