कोळगाव

कोळगाव : पालघर जिल्ह्याचे मुख्यालय असलेले गाव. ते पालघर शहराच्या उत्तरेस, पालघर–बोईसर रस्त्यावर वसले आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा महाराष्ट्राचा ३६ वा जिल्हा झाला. सिडकोने येथे उभारलेल्या जिल्हा संकुलाचे उद्‌घाटन १९ ऑगस्ट २०२१ रोजी झाले.

येथील भूरचना समजून घ्यायची तर पूर्वेकडच्या डोंगररांगेपासून सुरुवात करावी. काळ्या बेसाल्टची ही रांग किनाऱ्याला साधारण समांतर गेली असून काळदुर्ग तिच्यावरच आहे. पालघर–मनोर रस्ता ती वाघोबा खिंडीतून ओलांडतो. या भागातले पाणी हीच रांग वाटून देते. जव्हारकडच्या डोंगराळ मुलखातून आलेली सूर्या नदी मासवणजवळून जाते, तेव्हा समुद्र फारसा लांब उरलेला नसतो. पण मध्ये रांग उभी असल्याने ती दक्षिणेकडे वाहत राहते, वैतरणेला मिळते आणि त्या एकत्र प्रवाहाचे पाणी दातिवरे व अर्नाळा यांच्यामध्ये अरबी समुद्रात जाते. कोळगाव रांगेच्या पश्चिमेला आहे. येथे पडलेला पाऊस सूर्येकडे न जाता लहान ओढ्यांनी खाडीकडे उतरतो.

पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले, की खाडीकडे जाणारे पाणी तुंबते आणि सखल भागातली भाताची खाचरे बांधापर्यंत भरून राहतात. भराव, रस्ते आणि इमारती वाढत असलेल्या या परिसरात ओढ्यांची पात्रे बुजू न देणे ही नगररचनेची पहिली अट असायला हवी. भात हे मुख्य पीक; माळरानावर पावसाळ्यानंतर गवत पिवळे पडते.

पश्चिमेस जमीन उतरत खाजणांना मिळते. तिथे चिखलातून वर आलेली तिवरांची श्वासमुळे ओहोटीला उघडी पडतात. त्यापलीकडे शिरगाव आणि पापलेटसाठी नावाजलेले सातपाटी ही किनाऱ्यावरची गावे, तर दक्षिणेकडे केळवे–माहीमच्या नारळाच्या व पानवेलींच्या वाड्या आहेत.

उत्तरेकडे उमरोळी ओलांडल्यावर बोईसर आणि तारापूरची औद्योगिक वसाहत लागते. किनाऱ्यावरचे तारापूर अणुवीज केंद्र १९६९ पासून वीज देत आहे. त्याच्या संयंत्रांना थंड ठेवण्यासाठी समुद्राचेच पाणी वापरले जाते.