अर्धशिशी आणि उदासीचे औषध

ज्या व्याधीत ताप चढत नाही, सूज दिसत नाही, आणि तरीही मनुष्य दोन-दोन दिवस अंधाऱ्या खोलीत पडून राहतो, तिच्यावर जगाचा विश्वास बसणे कठीण असते. अर्धशिशी ही तशी व्याधी होय. अलिबागेपासून श्रीवर्धनापर्यंतच्या आमच्या किनाऱ्यावर वैशाखाचे ऊन कपाळावर पडू लागले, की कोठे सुंठ उगाळली जाते, तर कोणी सूर्योदयापूर्वी दूध-जिलेबी खाण्यास सांगतो. दुःख पुरातन आहे. सुश्रुताने सांगितलेल्या अकरा शिरोरोगांत सूर्याबरोबर चढणारा सूर्यावर्त आहे आणि दहा-पंधरा दिवसांनी उलटणारा अर्धावभेदकही आहे. गॅलेनने अर्ध्या डोक्याच्या दुखण्यास दिलेले ग्रीक नावच पुढे झिजून ‘मायग्रेन’ झाले.

रेवदंड्यास असलेल्या आमच्या वहिनी या दुखण्याने वीस वर्षे गांजल्या होत्या. मुंबईच्या एका डॉक्टरांनी त्यांस रात्री घेण्यासाठी अमिट्रिप्टिलीनची दहा मिलिग्रॅमची गोळी दिली. आठ दिवसांत कोणीतरी त्यांच्या कानी घातले, की ही तर मनाच्या आजारावरची गोळी! वहिनींनी ती तत्काळ बंद केली. ‘‘भाऊजी, माझे डोके दुखते, फिरलेले नाही,’’ असे त्या आम्हांस म्हणाल्या. आम्ही निरुत्तर झालो. कारण त्यांची डोकेदुखी घरच्या कटकटींतून उपजते असे आम्हीही मनातून मानीत आलो होतो.

या गोळीचा इतिहास वाचल्यावर आमचा तो समज गळून पडला. गंमत अशी, की त्या इतिहासाचा एक धागा खाडीपलीकडच्या मुंबईतूनच जातो. सर्पगंधेची मुळी आपल्या वैद्यकात जुनीच. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाब व उन्माद यांवरील तिचा उपयोग प्रसिद्ध केला. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांचा रक्तदाबावरील प्रयोग ब्रिटिश हृदयरोग नियतकालिकात छापून आला, आणि पाश्चात्त्यांचे लक्ष या मुळीकडे वळले. १९५२ साली स्वित्झर्लंडात तिच्यातून रेसरपीन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. ते घेणाऱ्या काही रुग्णांस घोर उदासी आल्याचे आढळले. मेंदूतील सेरोटोनिन आदी द्रव्यांचा साठा रेसरपीनने रिता होतो, असेही दिसून आले. त्याच रेसरपीनने अर्धशिशीच्या रुग्णांत डोकेदुखी उठते, हे १९६० साली नमूद झाले. मेंदूतील एकाच द्रव्याशी दोन निराळ्या दुःखांचा संबंध असावा, अशी शंका तेथून बळावली.

दरम्यान रोलांड कून यांनी इमिप्रमीनचा उदासीवरील गुण १९५७ साली जाहीर केला होता. त्याच कुळातील अमिट्रिप्टिलीन १९६१ साली अमेरिकेत बाजारात आले. १९७३ साली गॉमरसॉल व स्टुअर्ट यांनी ते अर्धशिशीवर पारखून पाहिले. पुढे काउच व त्यांचे सहकारी यांनी १९७६ व १९७९ साली दाखविले, की डोकेदुखीवरील त्याचा गुण उदासीवरील गुणावर फारसा अवलंबून नाही. उदासी नसलेल्यांनाही त्याने उतार पडतो, आणि तोही पुष्कळदा उदासीसाठी लागणाऱ्या मात्रेहून अल्प मात्रेत. तात्पर्य, औषधाचे नाव हा त्याच्या जन्मकथेचा अवशेष आहे. रोग्याच्या मनाविषयी दिलेला निकाल नव्हे.

याचा अर्थ हे औषध रामबाण आहे असा नाही. तोंड कोरडे पडते, पेंग येते, वजन वाढते. हृदयविकार वा काचबिंदू असलेल्यांनी विशेष जपावे लागते. गुण येण्यास काही आठवडे लागतात. आणि घेणे वा सोडणे, दोन्ही डॉक्टरांस विचारूनच करावे.

वहिनींस आम्ही ही सारी हकीकत सांगितली, आणि प्रथम क्षमा मागितली. डॉक्टरांस विचारून त्यांनी गोळी पुन्हा सुरू केली. दिवाळीपर्यंत महिन्याची सहा दुखणी दोनांवर आली. ती दोन अद्याप आहेत. मात्र आता त्या अंधाऱ्या खोलीत पडल्या, म्हणजे बाहेर कोणी कुजबुजत नाही. आम्ही तर नाहीच नाही.