सर्पगंधा, विषाद आणि परळचे संशोधन

मनोविकारांचे मूळ शरीरात शोधावे की मनात, हा वाद जुना आहे. त्याच्या आधुनिक इतिहासात मुंबईच्या वाट्याला आलेले प्रकरण मात्र आपल्याकडे फारसे अभ्यासले जात नाही. त्याचा प्रारंभ मनोरुग्णालयात नव्हे, तर हृद्रोगचिकित्सेत झाला. परळच्या के. ई. एम. रुग्णालयाशी संबंधित असलेले डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधा देऊन आपले निष्कर्ष १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले. ही वनस्पती उन्मादावर देण्याची रूढी देशात पूर्वापार होती. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस ह्यांनी १९३१ मध्येच तिच्या दोन्ही गुणांची नोंद केली होती. परंतु पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिकडे वेधले ते मुख्यतः वकिलांच्या लेखामुळे. १९५२ मध्ये बाझेल येथे तिच्या मुळीतून रेसर्पिन वेगळे करण्यात आले आणि १९५४ मध्ये नेथन क्लाइन ह्यांनी न्यूयॉर्क राज्यातील मनोरुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला. १९५७ च्या लास्कर पारितोषिकाच्या मानकऱ्यांत वकील व क्लाइन हे दोघेही आहेत.

पुढील हकीकत अधिक विचारार्ह आहे. रक्तदाबासाठी दीर्घकाळ रेसर्पिन घेणाऱ्या पाच रुग्णांना विषाद जडल्याचे एडवर्ड फ्राइस ह्यांनी १९५४ मध्ये नोंदविले. त्याच सुमारास हे औषध शरीरातील सेरोटोनिनचे साठे रिते करते, असे प्रयोगशाळेत दिसून आले. डोपामिनविषयी आर्व्हिड कार्लसन ह्यांचे सशांवरील प्रयोग १९५७ चे. औषधाने द्रव्ये घटतात, औषधाने विषाद येतो. तेव्हा द्रव्ये घटणे हेच विषादाचे कारण, अशी ही साखळी होती. १९६५ मध्ये शिल्डक्राउट ह्यांनी मांडलेल्या प्रसिद्ध उपपत्तीमागे ती एक आधार म्हणून उभी होती.

ह्या साखळीची मधली कडी कच्ची होती. १९५५ मध्येच डेव्हिस व शेपर्ड ह्यांनी लंडनमध्ये चिंताग्रस्त आणि विषण्ण रुग्णांपैकी काहींना रेसर्पिन व काहींना निर्गुण गोळ्या दिल्या; सुधारणा रेसर्पिनच्या बाजूने दिसली. ह्या निबंधाकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले, आणि माझ्या मते ते केवळ अनवधान नव्हते. औषधाची गुंगी व मंदपणा, आजाराची धास्ती आणि खरा विषाद ह्यांचा भेद पाडण्यास रुग्णाशी सविस्तर बोलावे लागते. सुटसुटीत उपपत्ती हाती आल्यावर एवढी तसदी कोण घेतो?

मानसिक अंगाने शोध घेणारे कार्यही के. ई. एम.मध्येच झाले, हे विशेष. तेथील मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एस. वाहिया आणि त्यांचे सहकारी विनेकर व दूनगाजी ह्यांनी १९६६ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकायट्री’त प्राचीन भारतीय संकल्पनांवर आधारलेल्या उपचारांचे विवेचन केले. आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा व ध्यान असा त्यांचा पतंजलीप्रणीत क्रम होता. त्यातील गूढता बाजूला ठेवून त्यांनी तो मज्जाविकृती व मनोकायिक विकारांच्या रुग्णांना शिकविला. पुढील अभ्यासांत त्यांनी काही रुग्णांना संपूर्ण क्रम दिला, तर काहींना आसन-प्राणायामासारखा केवळ दिसणारा व्यायाम दिला, आणि दोहोंची फलिते ताडून पाहिली. योगाचा गौरव करणाऱ्या वाङ्मयात त्या काळी अशी तुलना विरळाच. रेसर्पिन आणि विषाद ह्यांचा संबंध गृहीत धरणाऱ्यांपैकी बहुतेकांनीही ती केली नव्हती.