एका बोटावरून विंचू

सगळ्यात मोठा विंचू कोणता, याचं उत्तर जिवंत विंचवांपुरतं सोपं आहे. दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत आढळणाऱ्या स्वामरडामी या काळ्या विंचवाची लांबी २३ सेंटीमीटरपर्यंत नोंदली गेली आहे. पश्चिम आफ्रिकेतला ‘सम्राट’ विंचू साधारण २० सेंटीमीटरचा. दोघंही दिसायला भीतिदायक, पण माणसाच्या जिवावर उठण्याइतकं विष दोघांतही नाही. आपल्याकडे माणसं मारली ती त्यांच्या निम्म्याहून लहान अशा लाल विंचवानं.

प्रागैतिहासिक विंचवांकडे वळलं की मात्र पंचाईत होते. पट्टी लावायला अख्खा विंचू क्वचितच मिळतो. मिळतो तो एखादा तुकडा. त्या तुकड्यांकडे बघून माणसांनी काय काय ओळखलं, हा इतिहास मला विंचवांच्या लांबीइतकाच थक्क करणारा वाटतो.

१८१८ साली न्यूयॉर्कच्या सॅम्युअल मिचिल यांच्याकडे एक जीवाश्म आला. त्यांना तो मिशावाला मासा वाटला. हा खेकडे-विंचवांसारखा सांधेदार पायांचा प्राणी आहे, हे जेम्स डीके यांनी १८२५ साली दाखवलं आणि त्याला ‘युरिप्टेरस’ नाव दिलं. स्कॉटलंडमधल्या खाणकामगारांना अशाच एका प्राण्याच्या कवचावरची नक्षी पिसांसारखी दिसली. ते त्याला ‘सेराफिम’, म्हणजे पंखवाले देवदूत म्हणू लागले. लुई अगासी हा माशांच्या जीवाश्मांचा मोठा जाणकार. त्यालाही आधी तो मासाच वाटला.

या कुळाला आज ‘समुद्री विंचू’ म्हणतात. खरं तर ते विंचू नव्हेत, विंचवांचे नातलग. आणि त्यांतले बरेचसे समुद्र सोडून खाड्या-नद्यांमध्येही राहत. त्यांच्यातला सर्वांत मोठा म्हणजे येकेलॉप्टेरस. जर्मनीतल्या विलवेराथच्या खाणीत त्याचा ४६ सेंटीमीटर लांबीचा चिमटा सापडला. जवळच्या जातींमध्ये चिमटा आणि शरीर यांचं जे प्रमाण दिसतं, ते वापरून २००७ साली संशोधकांनी त्याची लांबी सुमारे अडीच मीटर काढली. काळ सुमारे ३९ कोटी वर्षांपूर्वीचा. प्राण्याचा चिमटा दगडात आहे, बाकीचे दोन मीटर त्रैराशिकात.

खऱ्या विंचवांचीही तीच गत. हेन्री वुडवर्ड यांनी १८७१ साली इंग्लंडमधल्या हेरफर्डशरच्या एका मोठ्या जीवाश्माला कवचधारी जलचर ठरवून ‘प्रीआर्क्टुरस’ म्हटलं. तो विंचू असावा, कदाचित मीटरभर लांबीचा, हे विसाव्या शतकात पुढे आलं. ‘ब्रॉन्टोस्कॉर्पिओ’ची कथा तर आणखी गमतीची. १९७२ साली त्याचं वर्णन झालं ते चिमट्याच्या एका सुट्या बोटावरून, तेही जेमतेम दहा सेंटीमीटरच्या. त्यावरून लांबी निघाली सुमारे ९० सेंटीमीटर. २००५ मध्ये बीबीसीच्या मालिकेत तो पाय, नांगी आणि रागीट स्वभावासकट शिकार करताना दिसला.

अशा अंदाजांना थापा म्हणणं अन्यायाचं आहे. प्रमाणाचा हिशेब प्रामाणिक असतो आणि तो कशावर बेतला आहे हे मूळ लेखात लिहिलेलंही असतं. पुढे चित्र रंगवताना, मथळा देताना, मोबाइलवर पाठवताना ‘अंदाजे’ हा शब्द गळतो. मग आपल्या डोळ्यांपुढे उरतो तो नुसता राक्षस.

म्हणून मला अर्जेंटिनाचे मारियो ह्युनिकेन महत्त्वाचे वाटतात. १९८० साली त्यांनी एका जीवाश्माला जगातला सर्वांत मोठा कोळी म्हणून जाहीर केलं आणि नाव दिलं ‘मेगाराक्ने’, महाकोळी. पुढे दुसरा नमुना मिळाला. २००५ साली हा कोळी नसून समुद्री विंचवांच्या कुळातला आहे, असं सांगणारा शोधनिबंध निघाला आणि त्याच्या तीन लेखकांत एक नाव ह्युनिकेन यांचंच होतं. स्वतः दिलेला जागतिक विक्रम त्यांनी स्वतःच्या सहीनिशी परत घेतला.

नामकरणाचा नियम मात्र पहिलं नाव बदलू देत नाही. त्यामुळे कोळी नसलेला तो प्राणी शास्त्राच्या वहीत अजून महाकोळीच आहे.