बेवा म्हणून सापडलेली पणजी

२०२३ च्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात निजामाच्या काळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. माझा भाचा निलंग्याहून निघाला तो बिदरलाच आला. निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते. राज्यांची भाषेवर वाटणी झाली तेव्हा ते मुंबई राज्यात गेले, जहिराबाद आणि नारायणखेड आंध्रात गेले, आणि बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूरच्या वाट्याला आले. माझं माहेर त्या रेघेच्या पलीकडे आणि सासर अलीकडे, भालकी तालुक्यात. मराठी शाळेत शिकवण्यात माझी नोकरी गेली. भाच्याला माझ्या पणजोबांचा कागद हवा होता. मला त्या निमित्ताने पणजीचा हवा होता, आणि तिच्याबद्दलच मी लिहिते आहे. घराचं नि गावाचं नाव मात्र देत नाही. जमिनीचा एक वाद अजून मिटलेला नाही आणि पणजी त्या वादाच्या मध्यभागी आहे.

माणसांची यादी कुणी कशासाठी करतं हे पाहिलं, की त्या यादीत कोण असणार नाही ते आधीच कळतं. इंग्लंडमध्ये १५३८ साली आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला, की प्रत्येक चर्चने एक वही ठेवावी आणि दर रविवारी उपासनेनंतर आठवड्यातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं तीत लिहावीत. वही ठेवायला दोन कुलपांची पेटी असावी, एक किल्ली पाद्र्याकडे आणि दुसरी चर्चच्या कारभाऱ्यांकडे. हुकूम सगळ्या गावांना सारखा, म्हणून शेतमजुराचं पोरही त्या वहीत आहे. तरीही जुन्या पानांवर पुष्कळदा मुलाच्या बापाचंच नाव मिळतं. आईबापांची नावं, धंदा, राहण्याचं ठिकाण यांचे छापील रकाने १८१३ पासून आले. मृत्युपत्रं १८५८ पर्यंत चर्चच्याच न्यायालयांत मंजूर होत. त्यांत बाई भेटते ती बहुतेक विधवा किंवा अविवाहित, कारण नवरा हयात असलेल्या बाईला त्याच्या संमतीवाचून मृत्युपत्र करता येत नसे. ते बंधन १८८२ च्या कायद्याने गेलं. म्हणजे तिथेही नवरा गेल्यावरच बाई स्वतःच्या नावाने कागदावर बोलते. हे वाचलं तेव्हा मला आमचे कागद जास्त नीट कळले.

आमच्याकडे त्या काळी असा सरसकट हुकूम निघाला नाही. वंश लिहिला गेला तो भांडणामुळे. पाटीलकी कुणाची, देशमुखी कुणाची यावर वाद पेटला की गोतसभा बसे, साक्षी होत, निर्णयाचा महजर होई आणि वादी-प्रतिवादी आपापल्या घराण्याची हकीकत लिहून देत, तिला करिना म्हणत. जेधे करिना त्यामुळेच इतिहासकारांच्या हाती आला. मृत्युपत्राची गरजच नव्हती, एकत्र कुटुंबात मुलाचा हिस्सा जन्मानेच ठरलेला. गरज पडली ती वाटणीपत्राची आणि दत्तकपत्राची. ज्याच्याकडे वतन नाही, इनाम नाही, वाटून घ्यायला बिघाभर रान नाही, त्याचा करिना कोण लिहिणार?

त्याचं काम वंशावळी सांगणारा हेळवी करत असे, अगदी साध्या कुणब्याच्या दारात येऊन. आमच्या माहेरी येणारा हेळवी आळंद तालुक्यातला, म्हणजे आता कलबुर्गी जिल्ह्यातला. सुगी उरकली, खळी झाली, की तो येई. त्याचा बाप सजवलेल्या बैलावर बसून, घंटा वाजवत यायचा असं वडील सांगत. माझ्या आठवणीतला एसटीने येई आणि कापडात बांधलेली चोपडी काखेत असे. ओसरीवर बसून तो मूळ गावापासून सुरुवात करी. अमुक गावाहून निघाले, अमुक नदी उतरले, इथे रान मोडलं, मग थोरल्याची फांदी, मग धाकट्याची. मराठी बोलता बोलता कन्नडात जाई आणि परत येई, नि ऐकणाऱ्या कुणालाच त्याचं काही वाटत नसे. मागच्या खेपेनंतर जन्मलेली मुलं आणि आलेल्या सुना तो लिहून घेई. जोंधळे, धोतरजोडी आणि घरात लग्न झालेलं असेल तर जास्तीची दक्षिणा. कुठली घरं कुठल्या हेळव्याची हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं, दुसरा येत नसे.

त्याच्या चोपडीत पणजी होती. पणजोबांच्या नावाशेजारी, सासरी ठेवलेल्या नावाने. लग्नात नवरीचं नाव बदलण्याची रीत आमच्यात पक्की होती, तेव्हा हे माहेरचं नाव नव्हे हे उघड होतं. पितृपंधरवड्यात वडील श्राद्ध करत तेव्हा संकल्पात बापाकडच्या तीन पिढ्यांपाठोपाठ आई, आजी, पणजी यांचीही नावं घ्यायची असतात. वडील आपल्या आजीचं तेच सासरचं नाव घेत. मातृत्रयीच्या या उच्चाराबद्दल मला फार आदर आहे. कुठल्याही सरकारी दप्तरात जागा नसलेल्या तीन बायका, वर्षातून एकदा का होईना, ओळीने आणि नावानिशी आमच्या घरात येत. पण त्यांचं माहेर कुठलं हे तो मंत्र विचारत नाही.

बिदरला नक्कल मिळाली ती विरासतीच्या कागदाची. मुलकी कारभाराची घडी सालारजंगाने १८६५ च्या जिल्हाबंदीने बसवली होती, आणि १८८४ च्या सुमारास सरकारी कामात फारसीच्या जागी उर्दू आली. पट्टेदार मेला की पट्टा वारसाच्या नावावर करायचा, त्याला विरासत मंजूर होणं म्हणत. आमच्या एकाच रानाचे कागद त्यामुळे तीन लिप्यांत आहेत. गावच्या पटवाऱ्याचा मोडीत, तहसिलीचा उर्दूत, आणि छप्पननंतरचा देवनागरीत. भालकीकडे सासरच्या रानाला चौथी लिपी लागली, कन्नड. घरातल्या कुणाही एका माणसाला चारही वाचता येत नाहीत. मला दोन येतात आणि मोडी अडखळत.

उर्दू वाचून दिली ती बिदरच्या एका उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरांनी. कागद शिकस्त्यात होता. घाईने लिहिणारा कारकून त्या लिपीत नुक्ते, म्हणजे अक्षरांची टिंबं, गाळतो. नुक्ते गेले की नाना, बाबा आणि ताता ही तिन्ही नावं हुबेहूब एक दिसतात. आमच्याकडे तर प्रत्येक घरात एक नाना आणि एक बाबा! मास्तर एकेका नावाला विचारायचे, "बाई, तुमच्या घरी ह्या वयाचं कोण होतं?" हेळव्याच्या चोपडीची झेरॉक्स मांडीवर ठेवून मी उत्तर द्यायची. तोंडी वंशावळीच्या आधाराने सरकारी कागद वाचायचा, असं ते काम चाललं. ज्यांना तोंडी परंपरा कच्ची वाटते त्यांनी हे एकदा करून पाहावं.

तारीख आजूर १३२८ फसली. हैदराबादेत फसली वर्ष ऑक्टोबरात आजूर महिन्याने सुरू होई आणि वर्षात ५९० मिळवले की इसवी सन येतो. म्हणजे १९१८ चा ऑक्टोबर किंवा नोव्हेंबरचा आरंभ. मी तारीख मोठ्याने वाचली आणि मास्तर म्हणाले, "मानमोडी." त्या वर्षीच्या इन्फ्लुएन्झाला आपल्याकडे हेच नाव होतं. पणजोबा कसे गेले हे घरात कुणाला माहीत नव्हतं. कागदावरही मृत्यूचं कारण नाही. पण त्या आठवड्यांत तरणा माणूस गेला असेल तर दुसरं काय मनात येणार?

पणजोबांचा मुलगा, म्हणजे माझे आजोबा, नाबालिग. म्हणून पट्टा त्यांच्या नावे आणि देखरेख आईची. तिथे ती होती. एक नाव, पुढे 'बेवा', पुढे पणजोबांचं नाव. या कागदांत पुरुष 'वल्द' म्हणून येतो, अमक्याचा मुलगा. मोडीत त्याला 'बिन' लिहितात. बाई नवऱ्यामागे आली तर मोडीत 'कोम', उर्दूत 'जौजे', आणि नवरा नसेल तर 'बेवा'. पणजोबा साठ वर्षं जगते तर पणजीचं नाव कुठल्याही दप्तरात उमटलं नसतं, हे तो कागद हातात असताना फार जड वाटलं. ती कागदावर आली ती संकट कोसळलं म्हणून.

आणि नाव वेगळंच होतं. हेळव्याकडे एक, विरासतीत दुसरं.

घरातला वाद इथेच आहे. भाऊबंदांपैकी एका फांदीचं म्हणणं असं, की पणजोबांना दोन बायका होत्या, दोन नावं म्हणजे दोन बायका, आणि ते स्वतः दुसरीचे वंशज. हेळव्याच्या चोपडीत दुसरी बायको नाही. पण चोपडीला कचेरीत कोण विचारतं? मी कागद पुन्हा मास्तरांकडे नेला. शेवटी साक्षीदारांत एक नाव होतं, त्याच्यापुढे 'बिरादर', म्हणजे भाऊ, आणि गाव. ते आमच्या भाऊबंदांचं गाव नव्हतं. पणजीच्या भावाचं होतं, आताच्या हुमनाबाद तालुक्यातलं. पोरक्या भाच्याची बाजू घेऊन मामा तहसिलीत उभा राहिला होता, आणि 'तुमच्या बहिणीचं नाव काय' म्हटल्यावर त्याने तोंडात बसलेलं, लहानपणी हाक मारायचं नाव सांगितलं असणार. सासरचं नाव त्याच्या जिभेवर कुठून येणार?

हा अंदाज होता, पुरावा नव्हे. पुरावा त्र्यंबकेश्वरला मिळाला. नाशिक आणि त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळ्या असतात, आडनाव आणि गाव यांवर लावलेल्या. आलेला यजमान आपला बाप, आजा, भाऊ, मुलं सांगतो आणि खाली सही किंवा अंगठा करतो. हरिद्वारच्या पंड्यांच्या अशाच वह्यांचे फोटो अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळ संस्थेने १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून काढून घेतले. त्र्यंबकला मी आमच्या आडनावाने गेले नाही, मामाच्या आडनावाने गेले. उपाध्यायांनी कर्नाटकाच्या वह्या काढायला घेतल्या, तेव्हा मी म्हटलं, मोगलाई बघा. जुन्या वह्यांत आमचा मुलूख 'जिल्हे बेदर, मोगलाई' असाच आहे. ते पान निघालं. मामा सिंहस्थाला आला होता आणि त्याने आपल्या भावांबरोबर एक विधवा बहीण लिहवली होती, विरासतीतल्याच नावाने, 'सोबत भाचा' आणि त्या भाच्याचं नाव. भाचा म्हणजे माझे आजोबा. हेळव्याच्या चोपडीतले, सासरच्या नावाच्या त्या बाईचे एकुलते एक चिरंजीव.

दोन नावं, एक बाई. माझ्यापुरता निकाल लागला. कचेरीचा लागायचा आहे.

बाईचा माग काढायचा तर तिच्या सासरच्या कागदांत कमी आणि तिच्या भावाच्या कागदांत जास्त बघावं, असं मी आता भेटेल त्याला सांगते. दत्तकपत्रं बघावीत, कारण विधवेने मूल घेतलं की तिचं नाव लिहावंच लागतं. आणि हे लवकर करावं. आमच्या गावच्या पटवाऱ्याच्या वाड्यातलं दप्तर १९४८ मध्ये जळालं. त्या वर्षी मे महिन्यात गोरट्यात रझाकारांनी कत्तल केली, आणि सप्टेंबरात निजामाचं राज्य गेल्यावर बिदर, गुलबर्गा, उस्मानाबाद, नांदेड या जिल्ह्यांत मुसलमानांवर जे गुदरलं ते सुंदरलाल समितीने लिहून ठेवलं आहे. उर्दू वाचून देणाऱ्या मास्तरांना स्वतःच्या आजोबांच्या मागचं एकही नाव ठाऊक नाही. त्यांच्या घराला हेळवी नव्हता, त्र्यंबक नव्हतं, आणि होते ते कागद त्या सप्टेंबरात घराबरोबर गेले. माझ्या सात पिढ्या त्यांनी मला वाचून दिल्या.

गेल्या वर्षी सासरच्या रानाचं पौती खातं, म्हणजे वारसनोंद, करायचं म्हणून नाड कचेरीतून वंशवृक्ष काढला. कर्नाटकात मुलीला वडिलार्जित जमिनीत जन्माने हक्क १९९४ पासून आहे, देशभर २००५ पासून. त्यामुळे वंशवृक्षात आता लेकी लिहाव्याच लागतात. माझ्या चारही नणंदांची नावं आली, त्यांच्या नवऱ्यांच्या गावांसह, आणि पुढच्याच आठवड्यात चौघींना बोलावून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या गेल्या. धाकटीने विचारलं, "वहिनी, लिहिलं कशाला मग?" मी सही करू नको म्हटलं. तिने केली, भावाचं घर तुटू नये म्हणून. साडी घेऊन ती संध्याकाळच्या बसने गेली.

सुगीत माहेरी हेळवी आला, आता त्याचा मुलगा येतो, तेव्हा मी त्याला आमच्या फांदीतल्या लेकी लिहायला सांगितल्या. तो म्हणाला, "लेकीचं नाव तिच्या सासरच्या चोपडीत असतंय की, बाई." मी म्हटलं, तिथे ते बदललेलं असतं. त्याने थोडा विचार केला, पानाच्या तळाशी जागा केली आणि विचारलं, "थोरलीपासून सांगा. कोणत्या गावी दिली?"